साक्षीदार शोधणारा माणूस

भास्कर तिडके यांच्या कार्डावर ‘मार्केटिंग स्पेशालिस्ट’ असं छापलेलं होतं आणि या दोन शब्दांनी त्यांना सुरुवातीला बराच त्रास दिला. नव्वदच्या दशकात नाशिक जिल्ह्यात स्पेशालिस्ट म्हणजे डॉक्टर. निफाडला पिकांच्या औषधांच्या एका दुकानात त्यांनी कार्ड दिलं, तेव्हा दुकानदाराच्या म्हाताऱ्या वडिलांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि सदरा वर करून पाठ त्यांच्याकडे वळवली.

“हितं. या मणक्यात. वाकलं का कळ येती.”

तिडक्यांनी पाठ दाबून पाहिली. “वजन उचलू नका,” म्हणाले. मला हे सांगताना त्यांचा चेहरा गंभीर होता. “नाही म्हटलं असतं तर म्हातारा खट्टू झाला असता, सर. आणि खरं सांगतो, सल्ला चुकीचा नव्हता.”

मी तेव्हा कॉलेजात मराठी शिकवत होतो. दुपारनंतर नाशिकच्याच अंबड वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत पत्रकं लिहून द्यायला जायचो. कंपनी द्राक्षाचे मणी फुगवणारं एक द्रावण बनवत असे. मालकांना, म्हणजे राजाभाऊंना, त्याचं नाव इंग्रजी हवं होतं. माझ्या आग्रहावरून ते ‘मणिवैभव’ झालं. त्या नावाचा मला काही दिवस अभिमानही वाटला.

तिडके तिथेच नोकरीला होते. मार्केटिंगवाला म्हणजे माल विकणारा, अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात तिडक्यांनी ती दुरुस्त केली. “विकायला सेल्समन आहेत. माझं काम निराळं. लोकांच्या मनात काय चाललंय ते मालकांना सांगायचं, आणि मालकांच्या मनात काय चाललंय ते लोकांना कळू द्यायचं नाही.” यावर ते स्वतःच हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

मखमलाबादकडे त्यांच्या घरचा फुलांचा मळा होता. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. आई पंचवटीत फुलं विकायला बसायची. ती ओरडत नसे, भाव पाडत नसे. सकाळी आलेल्या बायकांतून ती एकच बाई निवडायची. चार जणी जिच्याकडे वळून बघतील अशी. तिला चांगली फुलं निवडून द्यायची आणि तिच्याशी मोठ्यानं दोन शब्द बोलायची. मग बाकीच्या आपोआप थांबायच्या. तिडक्यांनी पुढे मार्केटिंगचा डिप्लोमा केला. पण त्यात आईच्या पाटीपेक्षा जास्त काही नव्हतं, फक्त शब्द लांब होते, असं ते म्हणत.

आईच्या त्या बाईला ते साक्षीदार म्हणायचे. “शहरात जाहिरात वाचतात, सर. खेड्यात जाहिरात विचारतात. बोर्ड बघतात आणि शेजाऱ्याला विचारतात, काय रे, खरं का? तो हो म्हणाला की काम झालं. मी माल विकत नाही. मी तो शेजारी शोधतो.”

शोधायची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. नव्या गावात गेले की ते आधी माणसांना भेटत नसत. बांधाबांधानं हिंडत आणि फेकलेल्या रिकाम्या बाटल्या पाहत. कोणत्या कंपनीच्या किती, कोणत्या बांधावर. तेवढ्यावरून ते सांगत, की या गावात कोण कोणाचं ऐकतं. एका बांधावर एक बाटली पडली की तिच्या आसपास, दहा बांधांवर, पंधरा दिवसांनी तीच बाटली दिसते, असं त्यांचं निरीक्षण होतं. पहिली बाटली कोणाच्या बांधावर पडली, ते त्यांना हवं असे. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस वाकून दुसऱ्याच्या बांधावरचा कचरा चिवडतोय, हे पाहून एका गावात लोकांनी त्यांना पकडून ठेवलं होतं. कार्ड दाखवल्यावर संशय वाढलाच.

काही उद्योग मात्र फसले. एसटीतल्या भांडणाचा उद्योग त्यांतला. आमचे दोन सेल्समन निफाडला एकाच गाडीत चढायचे, एक पुढे बसायचा, एक मागे. मग पुढचा मोठ्यानं म्हणायचा, “ते मणिवैभवचं सोडून बोल बरं का!” मागचा चिडायचा, “का सोडून? माझ्या मेव्हण्याची बाग बघून ये आधी!” मध्ये बसलेले प्रवासी आपोआप सामील व्हायचे. तिडके कोपऱ्यात पेपर उघडून बसायचे आणि काय काय बोललं जातंय ते ऐकायचे. पंधरवडाभर छान चाललं. मग एके दिवशी मधल्या बाकावरचा एक शेतकरी उठून उभा राहिला.

“ओ पाव्हणं, गेल्या आठवड्यात चांदवडच्या गाडीत पन तुम्हीच भांडत व्हते. मेव्हण्याची बाग अजून बघितली नाय व्हय यांनी?”

सगळी गाडी हसली. कंडक्टरनं विचारलं, “आन ते पेपरवालं साहेब पन तुमच्यातलंच का?” तिडके पुढच्या थांब्यावर उतरले आणि दुसऱ्या गाडीनं आले. ऑफिसात येऊन त्यांनी टेबल आवरलं, पेनं एका रांगेत लावली, मग मला सगळं सांगितलं आणि शेवटी स्वतःच हसले. लाज वाटली की ते टेबल आवरत. पण ही चहाबरोबर सांगण्यासारखी लाज होती. तशी लाज माणसाला शोभूनही दिसते. लाजेची दुसरी जात मी पुढे पाहिली.

निफाडकडच्या एका गावात रंगनाथ आप्पा राहत. सहा फूट उंची, पिळदार मिशी, इस्त्रीची टोपी आणि गावात कोणाची नसेल अशी द्राक्षबाग. आप्पांची ख्याती मात्र बागेपेक्षा एका शब्दासाठी जास्त होती. तो शब्द म्हणजे ‘बघू’. पाऊस पडेल का आप्पा? बघू. पोरीला ते स्थळ द्यावं का? बघू. बांधाचा वाद घेऊन दोघं भाऊ त्यांच्या ओट्यावर आले की ते दोघांचं ऐकून घेत आणि म्हणत, “बघू. चार दिस जाऊ द्या.” चार दिवसांत निम्मे वाद आपोआप मिटत. उरलेल्यांत आप्पा कधीतरी ‘बरं’ म्हणत, आणि ते म्हणाले की गाव तसं करी. सगळं गाव एका माणसाच्या सावकाशीवर चालू होतं.

अशा माणसाचं तिडक्यांना वेड लागलं नसतं तरच नवल. एक अख्खा हंगाम ते आप्पांकडे जात राहिले. औषधाचं नाव काढलं नाही. झेंडूवर बोलले, बैलांवर बोलले, मखमलाबादची माती आणि निफाडची माती यावर बोलले. शेवटी आप्पाच म्हणाले, “भास्करराव, तुमची बाटली कवा काढनार? वाट बघून माझी चहापावडर सरली.”

तिडक्यांनी लाजून पिशवीतून बाटली काढली. आप्पांनी ती उन्हात धरून पाहिली. “चार वळींना मारतो. बाकीची बाग माझी ऱ्हाऊ द्या.”

त्या चार ओळींचे मणी खरोखर चांगले फुगले. तिडके ऑफिसात आले ते जवळजवळ धावतच, आणि त्यांनी आप्पांचं वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आप्पांच्या आवाजात. “‘चार वळींना मारलं. मनी बरा फुगला. पुढल्या साली आनखी थोडं मारून बघू.’”

मी म्हणालो, इतकी चांगली जाहिरात मी आजवर वाचलेली नाही. कोणीही विश्वास ठेवेल. राजाभाऊ म्हणाले, “ही जाहिरात आहे की हवामानाचा अंदाज? तिडके, मी बोर्डाला पैसे मोजतोय. त्यावर ‘बघू’ लिहू?”

तिडक्यांनी दोन दिवस काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर कागद ठेवला. ‘आमच्या बागेला मणिवैभवच! — रंगनाथ आप्पा.’ मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेनं रांगेत लावत होते. मी शुद्धलेखन तपासलं. चूक नव्हती.

आग्रा रोडवर, चांदवडकडे जाताना, डाव्या हाताला तो बोर्ड लागला. मुंबईच्या पेंटरनं आप्पांची मिशी ट्रकच्या लांबीची काढली होती. तिडके आप्पांना जीपमधून बोर्ड दाखवायला घेऊन गेले. मीही बरोबर होतो. आप्पा खाली उतरले, टोपी मागे सरकवून वर पाहू लागले.

“मिशी झ्याक काढली,” म्हणाले. मग ओठ हलवत त्यांनी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. “मी येवढं बोललो नव्हतो, भास्करराव.”

“आप्पा, बोर्डावर जागा कमी असते.”

आप्पांनी पुन्हा वर पाहिलं. बोर्डाचा तिसरा हिस्सा नुसताच निळा होता. ते काही बोलणार, इतक्यात कांद्याचा एक ट्रॅक्टर हळू झाला आणि वरून कोणीतरी ओरडलं, “राम राम आप्पा! दोघान्लाबी राम राम! वरच्यालाबी!” आप्पांना हसू आलं. त्यांनी हात वर केला. मग ते जीपमध्ये येऊन बसले आणि परतताना सगळा रस्ता त्यांनी पिकांवर बोलत काढला.

पुढच्या साली आप्पांनी सगळ्या बागेला मणिवैभव वापरलं. राजाभाऊंनी पेढे वाटले. मी तिडक्यांना विचारलं, की चार ओळींवरून एकदम सगळी बाग? ते तर ‘आणखी थोडं’ म्हणाले होते.

“मीही तेच विचारलं,” तिडके म्हणाले. त्यांच्या हातात पेढा तसाच होता. “तर म्हणाले, बोर्डावर लिवलंय, तर ते खरं पायजे. मी खोटा दिसतो मंग.”

बोर्ड आप्पांसारखा करायला तिडक्यांना जमलं नव्हतं, म्हणून आप्पा बोर्डासारखे झाले होते. त्यांच्या पाठोपाठ गाव झालं. आसपासच्या बांधांवर मणिवैभवच्या बाटल्या दिसू लागल्या. तिडक्यांना आता वाकून शोधायची गरज नव्हती.

त्या हंगामात ऐन काढणीच्या तोंडावर आभाळ आलं आणि राहिलं. मणी टपोरे झाले होते, साल पातळ पडली होती. मणी तडकले. न तडकलेल्यांत गोडी उतरली नाही. व्यापारी बागेच्या कडेला गाडी उभी करत, एक मणी तोंडात टाकत, थुंकत आणि गाडी वळवत. दोष औषधाचा की आभाळाचा, हे कधीच नीट ठरलं नाही. एका तज्ज्ञांना बोलावलं होतं. त्यांनी बराच विचार करून सांगितलं, दोन्हींचा असू शकतो.

लोकांनी मात्र कंपनीला शिव्या दिल्या नाहीत. कंपनी लांब अंबडला होती, आणि औषध कंपनीनं शिव्या खाव्यात एवढीही कोणाची तिच्याकडून अपेक्षा नव्हती. लोक एवढंच म्हणाले, “आप्पानं सांगितलं म्हनून मारलं.” आरडाओरड नाही, भांडण नाही. पुढे हळूहळू आप्पांच्या ओट्यावर येणारी माणसं कमी झाली. बांधांचे वाद थेट तालुक्याला जाऊ लागले. चावडीवर आप्पा आले की लोक त्यांना जागा देत आणि विषय बदलत.

आता यापुढचं काम मार्केटिंग स्पेशालिस्टचं होतं. राजाभाऊंना पत्रक हवं होतं, की औषधात दोष नाही, काही शेतकऱ्यांनी प्रमाणाबाहेर वापरल्यानं असं झालं. आणि नमुन्याला आप्पांच्याच बागेचा फोटो. “चेहरा ओळखीचा आहे,” राजाभाऊ म्हणाले, “लोक वाचतील.” तिडक्यांना त्या दिवशी पहिल्यांदा मालकांशी वाद घालताना मी ऐकलं. दार बंद होतं, तरी ऐकू येत होतं. फोटो गळाला. पत्रक गेलं. शब्द माझे होते.

बोर्डही तसाच राहिला. जागेचं भाडं वर्षअखेरपर्यंत भरलेलं होतं, आणि भरलेलं भाडं राजाभाऊ वाया जाऊ देत नसत. बोर्ड नीट आहे ना, कोपरे फाटलेत का, हे दर महिन्याला पाहून येणं तिडक्यांच्या कामात होतं. ते चांदवडला जायला निघाले की हमरस्ता सोडून निफाडवरून, लासलगावावरून, आतल्या खड्ड्यांच्या रस्त्यानं जीप घालायला लावत. ड्रायव्हर वैतागायचा. “साहेब, एवढा मोठा रस्ता सोडून हे कशाला?” तिडके म्हणायचे, “बाजार बघत जाऊ.” आणि महिन्याच्या अहवालात लिहायचे: बोर्ड सुस्थितीत.

शेवटी त्यांनी एक उपाय काढला. तो मला ऐकल्याबरोबर पटला नाही. पण दुसरा कोणताही उपाय त्या माणसाला सुचणं शक्य नव्हतं, हेही मला कळत होतं. आपल्याकडे माणसाचं वाटोळं केलं की मागाहून त्याचा सत्कार करायची पद्धत आहे.

“आप्पांचा जाहीर सत्कार करायचा,” तिडके म्हणाले. “त्यांच्याच गावात. मालकांना मी पटवलंय, त्यांना वाटतंय कंपनीचं नाव सुधारेल. पण सर, मी आभार माझ्याकडे ठेवलेत. आभारात सांगतो, की आप्पा बागेतल्या चारच ओळींबद्दल बोलले होते. त्यांचं ‘बघू’ मी कापलं. शेवटी बोललेलं लोकांच्या लक्षात राहतं.”

शाळेच्या पटांगणात मंडप घातला. पाहुणे म्हणून एक माजी होते. कशाचे माजी ते स्वागतपर भाषणात तीनदा निरनिराळं सांगितलं गेलं. मंचावर सात खुर्च्या आणि सात नारळ. नारळ देताना फोटोग्राफर प्रत्येकाला थांबवी, मग देणारा आणि घेणारा नारळ धरून, कॅमेऱ्याकडे बघून, एकमेकांना विसरून उभे राहत. पुढच्या तीन रांगांत कंपनीची माणसं होती. गावातली माणसं मागे, मंडपाच्या बाहेर, सायकलींना टेकून. बसलं कोणीच नव्हतं. मध्ये रिकाम्या खुर्च्यांचा एक पट्टा राहिला होता आणि माजी पाहुणे त्या पट्ट्याकडे पाहून “मोठ्या संख्येनं जमलेल्या” असं म्हणाले.

आप्पांच्या खांद्यावर शाल आली. ती त्यांनी घडी करून मांडीवर ठेवली. सूत्रसंचालकानं त्यांना मनोगत सांगायची विनंती केली. आप्पा माईकपाशी आले, माईक त्यांच्या छातीला लागत होता. कोणीतरी धावत येऊन तो वर करू लागलं, तर त्यांनी हातानं थांबवलं.

“बोर्डावरचं मी बोललो नव्हतो, असं काही जन म्हंत्यात,” ते म्हणाले. “मी बोर्ड पाह्यला. रस्त्यात हुबा राहून पाह्यला, आन गप बसलो. गप बसला त्यो बोललाच. ज्याचं नुसकान झालं त्यानं माझ्याकडं बघावं. बोर्डाकडं नाय.”

एवढं बोलून ते जागेवर जाऊन बसले. टाळ्या वाजवायच्या का नाही ते पुढच्या तीन रांगांना कळेना. माजी पाहुण्यांनी वाजवल्या, मग त्यांनी वाजवल्या. मागची माणसं सायकलींपासून हलली नाहीत.

“आणि आता आभारप्रदर्शन, भास्कर तिडके साहेब!”

तिडके उठले. मी त्यांना इतकी वर्षं बोलताना ऐकलं होतं. त्यांना सुरुवात करायला कधी वेळ लागत नसे. या वेळी लागला. मग त्यांनी सरपंचांचे आभार मानले. शाळेच्या मुख्याध्यापकांचे मानले. मंडपवाल्याचे, माईकवाल्याचे, पुरीभाजी करणाऱ्या आचाऱ्याचे, आचाऱ्याच्या मदतनिसांचे, आणि कार्यक्रमभर वीज गेली नाही म्हणून वीजमंडळाचे. आवाज चांगला होता. ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार मानून झाल्यावर ते थांबले, आणि मला वाटलं आता. त्यांनी कागदाची घडी खिशात घातली. “जेवण केल्याशिवाय कोणी जाऊ नये,” म्हणाले, आणि बसले. आप्पांचं नाव त्या आभारांत कुठेच नव्हतं.

परतीच्या वाटेवर ते जीपमध्ये माझ्यासमोर बसले होते. मी बाहेर बघत होतो आणि तेही. नाशिकात शिरताना द्वारका चौकात सिग्नलला गाडी थांबली, तशी ते म्हणाले, “मी इथंच उतरतो.” त्यांचं घर तिथून कितीतरी लांब होतं. उतरून ते गर्दीत चालू लागले ते घराच्या उलट दिशेनं.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत कंपनी बंद पडली. तिडक्यांना काम मिळत राहिलं, कारण ते कामाला चांगलेच होते. एका बिल्डरकडे होते, मग एका इंग्रजी शाळेचे प्रवेश वाढवत होते, मग मॅनेजमेंटच्या एका कॉलेजात आठवड्यातून दोनदा शिकवू लागले. फक्त एक गोष्ट ते कुठेच करत नसत. बिल्डरचं पत्रक मी पाहिलं आहे. त्यात नकाशा होता, पाण्याची टाकी होती, एसटी स्टँडपासूनचं अंतर होतं. माणूस एकही नव्हता. बिल्डर म्हणाला, “अहो, एखादं हसरं कुटुंब टाका की बाल्कनीत.” तिडके म्हणाले, “कुटुंब अजून राहायला यायचंय. आल्यावर हसतंय का ते पाहू.” त्या नोकरीत ते फार टिकले नाहीत.

आम्ही अधूनमधून भेटत असू. मी दर वेळी विचारायचो, आप्पांकडे जाऊन आलात का. “जायचंय, सर,” ते म्हणायचे. हॉटेलात असलो तर टेबलावरच्या साखरेच्या बरणीचं झाकण नीट लावायचे, पाण्याचे ग्लास भिंतीकडे सरकवायचे. मग मी विचारणं सोडलं. ते जास्त वाईट झालं असावं. कारण त्यानंतर ते स्वतःच, न विचारता, सांगायला लागले. “या दिवाळीत जाणार आहे.” “द्राक्षं निघाली की जातो.” तीन तासांचा रस्ता नव्हता, तासाभराचा होता.

दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्याअखेर त्यांचा फोन आला. “आप्पा गेले. उद्या गंगेवर दहावा आहे. येता का बरोबर?”

गोदावरीच्या घाटावर त्या दिवशी तीन-चार दहावे शेजारीशेजारी चालू होते आणि प्रत्येकाला आपापला माईक होता. हल्ली दहाव्याला माईक लागतोच. आलेल्या पुढाऱ्यांची नावं पुकारायची असतात, आणि ज्याचं नाव पुकारलं जात नाही तो उठून जायची शक्यता असते. आप्पांचे दोन्ही मुलगे डोक्याचा गोटा करून पायऱ्यांवर बसले होते. मागे गावातली माणसं, टोप्या घातलेली, ओळीनं.

तिडके माझ्या कानाशी म्हणाले, “पिंडाला कावळा शिवला नाही की नातेवाईक मोठ्यानं सांगतात ना, तुमचं अमुक राहिलंय, ते आम्ही करू? आज अडेल, सर. अडला की मी पुढे होणार. मी तयारी करून आलोय.” त्यांनी पांढरा शर्ट घातला होता. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि अजून ऊनही नीट आलेलं नव्हतं.

भटजींनी पिंड ठेवला आणि मागे सरायच्या आत कावळा आला. एक नाही, दोन आले. भटजींनाही घाई असावी, ते म्हणाले, “वा! आत्मा तृप्त आहे.” आप्पांच्या थोरल्या मुलानं डोळे पुसले. तिडके एक पाऊल पुढे गेले होते, तिथेच उभे राहिले.

मग श्रद्धांजल्या सुरू झाल्या. एका साखर कारखान्याचे कोणी, पंचायत समितीचे कोणी. सगळ्यांनी आप्पांना ‘प्रगतिशील बागाईतदार’ म्हटलं. दोन पुढाऱ्यांच्या मध्ये मोकळी जागा सापडली, तशी तिडके माईकवाल्याजवळ गेले आणि काहीतरी बोलले. त्यानं पुकारलं, “नाशिकचे सुप्रसिद्ध मार्केटिंग तज्ज्ञ!”

ते या वेळी थांबले नाहीत. “आप्पांच्या नावानं एक बोर्ड होता,” ते म्हणाले. “त्यावरचं वाक्य आप्पांचं नव्हतं. आप्पा म्हणाले होते, चार ओळींना मारलं, मणी बरा फुगला, पुढल्या साली आणखी थोडं मारून बघू. ते मी कापलं. त्यांनी मला सांगितलं होतं, मी एवढं बोललो नव्हतो. मी सांगितलं जागा कमी आहे. जागा होती.” माईकवाला खुणेनं आवरतं घ्या म्हणत होता, मागून आमदारांची गाडी आली होती. “मला हे त्यांच्या सत्काराच्या दिवशी बोलायचं होतं. मी आचाऱ्याचे आभार मानले.”

कोणी दचकलं नाही, कोणी एकमेकांकडे पाहिलंही नाही. माईक त्यांच्या हातातून गेला आणि आमदार बोलू लागले. तिडके खाली आले, तसा टोप्यांच्या ओळीतला एक म्हातारा म्हणाला, “बसा साहेब, दम खावा.” हे कचरूनाना. आप्पांच्या शेजारच्या बांधाचे.

“नाना, मी हे आधीच सांगायला हवं होतं.”

“काय सांगायचं? आमाला तवाच ठाऊक व्हतं. आप्पा कवा असं बोलायचा व्हय? त्याला जेवला का इचारलं तरी बघू म्हनायचा.”

तिडक्यांना ते समजायला वेळ लागला. “ठाऊक होतं? मग लोक त्यांच्या ओट्यावर यायचे का बंद झाले? मला वाटलं, नुकसान झालं म्हणून…”

“नुसकान आभाळानंबी व्हतं. त्यासाठी मानूस सोडत्यात का?” नाना हळू बोलत होते, आमदारांचा मान राखून. “त्यो बोर्ड लागला आन आप्पा बदलला. ठाम बोलाया लागला. बांधाचं इचारा, सोयरिकीचं इचारा, फटकन हो, न्हायतर फटकन नाय. बोर्डावरच्या मान्सासारखं ऱ्हावं लागायचं ना त्याला. दोन-तीनदा चुकला. मंग मान्सं येईनात. ठाम बोलनारे गावात लय हायेत, साहेब. ‘बघू’ म्हननारा येकच व्हता. त्यो तुम्ही नेला.”

नानांच्या आवाजात राग नव्हता. हरवलेल्या बैलाबद्दल सांगावं तसं ते सांगत होते. तिडक्यांचे हात काहीतरी आवरायला शोधत होते. दगडी पायरीवर आवरण्यासारखं काही नव्हतं. इतकी वर्षं ते ज्या लाजेचा मजकूर मनात तयार ठेवून हिंडत होते, ती लाज चुकीची निघाली होती, आणि खऱ्या लाजेसाठी त्यांच्याकडे शब्द नव्हते.

आमदार संपले. लोक उठू लागले. मी तिडक्यांच्या खांद्याला हात लावला आणि म्हणालो, चला, रिक्षा मिळेल आता.

“तुम्ही व्हा पुढे, सर,” ते म्हणाले. “मी यांच्याबरोबर बसतो.”

पायऱ्या चढून वर आल्यावर मी मागे पाहिलं. निफाडकडची म्हातारी माणसं गाडीची वाट पाहत अजून त्याच ओळीत बसली होती. तिडके त्यांच्या कडेला उभे होते, चपला हातात घेऊन. नाना थोडे सरकले, त्यांच्यापलीकडचा सरकला, आणि एका माणसापुरती जागा झाली. तिडके बसले.